खोट शोधणारी बाई

सिकंदराबादजवळच्या कुकटपल्लीत प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा बनवणारा एक कारखाना होता. त्यात त्रिवेणी बिरादार बावीस वर्षं एकाच टेबलापाशी बसून एकच काम करत होती. साच्यातून निघालेली रिंग हातात घ्यायची, दोन्ही अंगठ्यांनी ताणायची, उजेडासमोर गोल फिरवायची आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी तिच्यावर निळ्या पेन्सिलीचा ठिपका देऊन लाल टोपलीत टाकायची. दिवसाकाठी दीड हजार रिंगा तिच्या हाताखालून जात. चांगली रिंग तिला कधी आठवत नसे. खोट असलेली मात्र घरी भाकरी थापतानाही डोळ्यांपुढे येई.

ही सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबली नव्हती. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची. कोणी जास्त गोड बोललं की घरी येऊन नवऱ्याला विचारायची, त्याचं आपल्याकडे काय काम असेल? नवरा, प्रकाश, एका उंच सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. तो म्हणायचा, लग्नाआधी हिने मलाही उजेडात धरून बघितलं असणार.

मागच्या वर्षी दिवाळी संपल्यावर सेठने सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि कारखाना बंद करत असल्याचं सांगितलं. धंदा परवडत नाही, म्हणाला. तीन महिन्यांचा पगार देऊन एकतीस माणसांना वाटेला लावलं. महिन्याभरात त्याच फाटकावर चौतीस मजली इमारतीचं चित्र लागलं. रिंगांपेक्षा, रिंगा जिथे बनत त्या जमिनीला भाव आला होता. त्रिवेणीला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही. दोन वर्षांपासून माणसं येऊन टेपने भिंती मोजत होती, ते तिने पाहिलं होतं.

मग काम शोधणं सुरू झालं. एका कंत्राटदाराने वय विचारलं. सेहेचाळीस ऐकून त्याने तिचा फॉर्म न वाचताच परत दिला. दुसऱ्याने तिला एका चकचकीत ऑफिसात फरशी पुसायला लावलं. पंधरा दिवसांनी ते कंत्राट दुसऱ्याकडे गेलं आणि नव्या कंत्राटदाराने आपल्या ओळखीच्या बायका कामाला आणल्या. कारखान्यात वीस वर्षं रबर दाबायची प्रेस चालवलेला यादगिरी सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर उभा राहू लागला. कडेचा जादा रबर कापणाऱ्या सुनंदाक्का दोन घरी भांडी घासू लागल्या. त्यांच्या नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असे.

अशात सौरभ आला.

प्रकाश ज्या सोसायटीत होता, तिथे सतराव्या मजल्यावर हा राहायचा. पुण्याचा, चौतीस-पस्तीसचा, सॉफ्टवेअरमधला. गेटवर मराठी बोलणारा वॉचमन भेटला म्हणून तो थांबून गप्पा मारायचा. प्रकाशने त्याला कारखान्याची हकिगत सांगितली, तर पुढच्या रविवारी हा सुनंदाक्कांच्या गच्चीवर हजर. गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी, पायांत महागडे बूट. एकोणीस माणसं जमली होती. तो म्हणाला, मालक गेला म्हणून कसब गेलं नाही. रबर कसा मिसळायचा, प्रेस किती तापवायची, माल कसा पारखायचा, हे सगळं इथे बसलेल्यांना येतं. जुन्या प्रेस भंगारवाल्याकडे पडून आहेत. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालून दोन विकत घ्यायच्या, शेड भाड्याने घ्यायची, कामगारांची सहकारी सोसायटी नोंदवायची. मालक कोणीच नाही, म्हणजे सगळेच. तासाला सगळ्यांना सारखा दर आणि प्रत्येकाचं एक मत.

लोक ऐकत राहिले. यादगिरीने दोनदा मान डोलावली. त्रिवेणी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "यात तुमचं काय?"

"माझं काही नाही, ताई."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. जमेल तेवढी मदत करायची, बस."

त्या एका उत्तराने तिच्या मनात सुई टोचली. वाटा मागितला असता, कमिशन मागितलं असतं, तर तिने ते तोलून पाहिलं असतं. ज्याला काहीच नको, त्याला नेमकं काय हवंय हे कळायला वाट नसते. खाली उतरताना ती सुनंदाक्कांना म्हणाली, माणूस साफ बोलतो, पण कायतरी झाकतो. सुनंदाक्कांनी थकलेल्या आवाजात सांगितलं, "झाकू दे की. काम मिळतंय ना? तू उगी परेशान होऊ नको."

काम खरंच पुढे सरकलं. प्रत्येकाने पंधरा हजार काढले. दोन प्रेस आल्या. जुन्या गोदामाच्या मागे पत्र्याची शेड मिळाली. त्रिवेणीनेही पैसे दिले, पण देताना सौरभच्या हातात दिले नाहीत. बँकेत स्वतः भरले आणि पावती डब्यात ठेवली. आता फक्त साचे हवे होते, आणि ते सेठकडेच होते. ते मी बघतो, असं सौरभ म्हणाला. कसे बघणार, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

त्रिवेणीने नवऱ्याला विचारायला सुरुवात केली. हा कितीला जातो, कितीला येतो? प्रकाश म्हणाला, रोज नऊला बाहेर, पाचला परत, गळ्यात पट्टी. त्याची बायको, सायली, ऑफिसच्या कॅबने जाते. हा मात्र चालत मेट्रोकडे जातो. पूर्वी यालाही न्यायला कॅब येत असे. कधीपासून येत नाही? प्रकाशने आठवून सांगितलं, सात-आठ महिने झाले असतील.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू विचारलं कुठं?" प्रकाश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती कुकटपल्लीच्या मेट्रो स्टेशनवर खांबाआड उभी राहिली. सव्वानऊला सौरभ आला. ती बायकांच्या डब्यात चढली आणि दर स्टेशनवर डोकं बाहेर काढून बघत राहिली. अमीरपेटला त्याने गाडी बदलली, तिनेही बदलली. सिकंदराबादला उतरून तो बाजाराच्या दिशेने निघाला. चार दुकानं सोडून त्रिवेणी मागे होती. आपल्याला कोणी ओळखलं तर काय सांगायचं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. सौरभ ज्या दुकानात शिरला, ते दुकान तिला माहीत होतं. भांड्यांचं होतं, आणि सेठच्या धाकट्या भावाचं होतं.

ती समोरच्या बांगड्यांच्या दुकानापाशी पाऊण तास रेंगाळली. सौरभ बाहेर आला तेव्हा सेठ स्वतः त्याला पोचवायला पायरीवर आला होता. त्याने सौरभच्या पाठीवर हात ठेवला. सौरभच्या हातात एक लांब पाकीट होतं. बावीस वर्षांत सेठने एकाही माणसाच्या पाठीवर असा हात ठेवलेला तिने पाहिला नव्हता.

परतीच्या गाडीत तिला सगळं जुळल्यासारखं वाटलं. आपल्याच पैशांनी मशिनं घ्यायला लावायची, माल काढायला लावायचा, आणि वर हे दोघं बसणार. तिला संताप येण्याऐवजी एक प्रकारचं समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची तिला थोडी लाजही वाटली.

रविवारी शेडमध्ये सगळे जमले. सौरभने साचे मिळणार असल्याचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर त्रिवेणी उभी राहिली आणि मंगळवारी आपण काय पाहिलं ते तारीख-वेळेसकट सांगितलं. मग म्हणाली, "ते पाकीट दाखवा."

सौरभने बॅगेतून कागद काढले.  साचे वापरायला देण्याचा करार होता आणि त्यावर नाव सोसायटीचं नव्हतं, त्याचं एकट्याचं होतं. यादगिरीने कागद उलटसुलट केला आणि खाली ठेवला. कोणीतरी तेलुगूत शिवी दिली. सौरभ सांगू लागला की सेठ एकोणीस जणांच्या नावाने लिहून द्यायला तयारच नव्हता. उद्या साचा तुटला तर कोणाची मान धरू, म्हणाला. एक नाव द्या. म्हणून मी माझं दिलं.

"आम्हाला न विचारता?" त्रिवेणी म्हणाली. "आणि नोकरी? तीपण आहे की नाही?"

  त्याने गळ्यातली पट्टी काढून खिशात कोंबली.

"आठ महिने झाले," तो म्हणाला. "पूर्ण टीम काढली. सायलीला माहितीये. पुण्याला आई-बाबांना नाही. गेटवर प्रकाशकाकांनाही कळू नये म्हणून रोज निघायचो. लायब्ररीत बसायचो. दोनशे ठिकाणी अर्ज केले असतील."

"मग त्या दिवशी काही नको का म्हणालात?"

"मला काम हवं होतं, ताई. तुमच्यातलंच एक. माल विकायचं, हिशेब ठेवायचं, काहीही. पण तुमच्यासमोर काम मागायची लाज वाटली. मदत करतोय म्हणणं सोपं होतं."

सुनंदाक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन-तीन जण म्हणाले, जाऊ द्या, पोरगं चुकलं. पण यादगिरी उठला. जो स्वतःच्या आईबापाशी खोटं बोलतो, त्याच्या नावावर साचे ठेवून मी काम करणार नाही, असं त्याने आपल्या दखनी हिंदीत सांगितलं आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी आठ जण गेले. त्यांचे पैसे परत करावे लागणार होते.

त्रिवेणीला दया आली नाही असं नाही. पण दया आली म्हणून कागद बदलत नाही. तिने तो करार मागून घेतला आणि घरी नेला. इंग्रजी तिला येत नव्हतं. मुलगी तन्वी डिग्री कॉलेजात होती. मराठी वाचताना अडखळणारी ती, हे मात्र भराभर वाचून अर्थ सांगू लागली. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"आई, हे बघ. सिक्स मन्थ्समध्ये साचे जसेच्या तसे परत नाही दिले, तर शेडमधल्या दोन्ही मशिन्स त्यांच्या."

"परत वाच."

तन्वीने परत वाचलं. साचे तापून दाबून झिजणारच. जसेच्या तसे ते कधीच परत जाणार नव्हते. त्रिवेणीने इतके दिवस माणूस उजेडात धरला होता. भोक कागदात होतं.

सकाळी तिने सौरभला गेटवर गाठलं आणि ते कलम दाखवलं. हे वाचलं होतं का, असं तिने विचारलं. वाचलं होतं, तो म्हणाला. करारात असं काहीतरी असतंच, अशी त्याची समजूत होती. नोकरीला लागताना आणि नोकरीतून काढलं तेव्हाही त्याने अशाच कागदांवर मुकाट्याने सह्या केल्या होत्या.

मग ती, सुनंदाक्का आणि सौरभ असे तिघं सिकंदराबादला गेले. सेठने चहा मागवला. त्रिवेणीने चहाला हात न लावता सांगितलं की करार सोसायटीच्या नावाने करा आणि ते कलम काढा. सेठ हसला. तिला म्हणाला, तू माझ्याकडे बावीस वर्षं खाल्लंस. मालकाशिवाय कारखाना चालत नसतो, सहा महिन्यांत भांडाल. मी कलम ठेवलं ते तुमच्या भल्यासाठी, मशिनं निदान चांगल्या हातात राहतील.

"तर मग साचे तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली.

तिघं बाहेर आले.  साच्यांशिवाय प्रेस म्हणजे नुसतं लोखंड. सौरभने विचारलं, आता? ती म्हणाली, सगळ्यांना विचारू.

उरलेल्या अकरा जणांनी, सौरभ धरून, बैठक घेतली. नवा साचा करायचा, पण एकच, सगळ्यात जास्त खपणाऱ्या पाच लिटरच्या कुकरचा. एका छोट्या वर्कशॉपवाल्याने अर्धे पैसे आधी आणि अर्धे माल विकल्यावर घ्यायचं कबूल केलं. त्रिवेणीने त्यालाही तीनदा विचारलं, तुमचं यात काय? तो म्हणाला, "माझंपण काम बंद आहे, अम्मा. बसून राहण्यापेक्षा बरं." हे उत्तर तिला पटलं.

साचा यायला सव्वादोन महिने लागले. त्या काळात सौरभने खरंच दुकानं पालथी घातली. राहत्या सोसायटीच्या गेटमधून तो आता पट्टी न घालता, साध्या चपलांत बाहेर पडे, आणि प्रकाश त्याला पूर्वीइतकाच सलाम करी. आईवडिलांना त्याने फोनवर सांगितलं की नाही, हे त्रिवेणीने विचारलं नाही. तिचा विश्वास बसला होता असंही नाही. आठवड्याला पावत्या मांडून बसायचं आणि कोणीही कोणालाही काहीही विचारायचं, असा नियम तिने सगळ्यांकडून करून घेतला होता.

पहिला माल निघाला एक हजार रिंगांचा. सौरभने तो एका दुकानदाराला शनिवारी द्यायचं कबूल केलं होतं. गुरुवारी त्रिवेणी टेबलापाशी बसली. संध्याकाळपर्यंत लाल टोपली भरून सांडली. तीनशे ऐंशी रिंगांना बारीक छिद्रं होती. रबर दमट होता, किंवा प्रेस नीट तापली नव्हती. यादगिरी असता तर त्याला कळलं असतं.

सगळे टेबलाभोवती जमले. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच होतं. छिद्र इतकं बारीक आहे की दुकानदाराला दिसणार नाही. रिंग फुटणार नाही, फार तर वाफ सुटेल, दोन महिन्यांत बदलावी लागेल. आणि आठवड्याची मजुरी याच मालातून निघायची होती. सौरभ म्हणाला, पहिलीच ऑर्डर आहे, शब्द दिलाय. ही चुकली तर दुसरी मिळणार नाही.

 त्रिवेणीने एक गोष्ट सांगितली, जी तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. बारा वर्षांपूर्वी ती नामपल्लीला प्रदर्शन बघायला गेली होती. बाहेर फुटपाथवर एकजण कुकरच्या रिंगा विकत बसला होता. तिने एक उचलली. तिच्यावर निळ्या पेन्सिलीचा ठिपका होता. ढिगातल्या प्रत्येक रिंगेवर होता.

"तो ठिपका मी केलेला," ती म्हणाली. "लाल टोपलीतला माल सेठ विकत होता. मी सोमवारी कामावर गेले आणि कुणाला काही बोलले नाही. नोकरी जाईल म्हणून. त्यानंतर रोज ठिपके देत राहिले. सगळ्यांची खोट काढते मी. ही माझी."

 तिने पुढे सांगितलं, "तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं. आज तुम्ही मला विचारताय. विकायचं ठरलं तर विकू, मी अडवणार नाही. पण सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं."

हात वर झाले. विकायला पाच, फेकायला सहा. कोण कुठे हात वर करेल याचा तिने मनात अंदाज बांधला होता. सुनंदाक्का विकायला म्हणतील, असं तिला नक्की वाटलं होतं. त्यांना पैशांची सगळ्यांत जास्त गरज होती. त्यांनी फेकायला हात वर केला आणि पदराने तोंड पुसत खाली बसल्या. विकायला हात वर करणाऱ्यांत सौरभ होता.

शनिवारी सकाळी ती लवकर आली, तर सौरभ सहाशे वीस रिंगा मोजून खोक्यात भरत होता. मोजणी तिने पुन्हा केली. बरोबर होती.

"तुम्ही विकायला हात वर केला," ती म्हणाली.

"हो. मला अजूनही वाटतं, आपण ऑर्डर घालवली."

"मग दुकानदाराला काय सांगणार?"

"आहे तेच. तीनशे ऐंशी आमच्या तपासणीत गेल्या, पुढच्या आठवड्यात देतो. ऐकेल किंवा नाही ऐकणार."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याने नजर चुकवली नाही, पण नजर न चुकवणारेही तिने पाहिले होते. ती म्हणाली, "मी बरोबर येते."

"माझ्यावर लक्ष ठेवायला?"

"हौ," त्रिवेणी म्हणाली. "आणि तो दुकानदार काय म्हणतो ते मलापण ऐकायचंय."

दोघांनी खोकं दोन बाजूंनी उचललं. दुकानदाराने अर्धा तास कुरकुर केली, मग सहाशे वीस ठेवून घेतल्या आणि बाकीच्यांसाठी आठ दिवस दिले. त्या आठवड्यात सगळ्यांना निम्मीच मजुरी मिळाली. त्रिवेणी संध्याकाळी मजुरांच्या अड्ड्याजवळच्या वस्तीत यादगिरीच्या घरी गेली आणि प्रेस किती तापवायची ते एकदा येऊन दाखव, असं तिने त्याला सांगितलं. त्याने तिला आत बोलावलं नाही. दारातच उभं राहून त्याने विचारलं, सगळं ठीक, पण मी येऊन मला काय मिळणार? तिला तो प्रश्न आवडला. ती पायरीवर बसली आणि एकेक गोष्ट सांगू लागली.